उठणारा मामा

“मार्कोनी, नांगर उचलावा म्हणतोय मी. तुझं काय म्हणणं?”

कॅप्टन मोडकांनी असं विचारलं आणि मी सावध झालो. हा माणूस कधी कुणाला काही विचारत नसे. विचारतोय म्हणजे याचं ठरलंय, आणि उद्या कुणी बोल लावला तर त्यात वाटेकरी हवाय.

“माझं म्हणणं तुम्हाला ठाऊक आहे, सर. पाच साब तिकडे आहे.”

“ते मला दिसत नाही? डोळे फुटलेत माझे?” कॅप्टननी बडीशेपेची चिमूट तोंडात टाकली आणि दुर्बीण पुन्हा बेटाकडे वळवली. “एक तिकडे आहे, नार्वेकर. बाकीचे सगळे इकडे आहेत. त्यांच्या आयांना मी काय सांगू?”

जहाजावर वायरलेस सांभाळणाऱ्याला तेव्हा मार्कोनी म्हणत आणि पाचव्या इंजिनियरला पाच साब. मार्कोनी म्हणजे मी, भार्गव नार्वेकर, मुक्काम वेंगुर्ला. पाच साब म्हणजे कुडाळचा पद्माकर सामंत, माझ्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला बोटीवर मीच लावला होता. निघताना शालन दारात उभी राहून म्हणाली होती, “नेताय तसा आणून द्या हो. मला दुसरा भाऊ नाही.” मी म्हटलं होतं, “अगं, तो काय मातीचा माठ आहे फुटायला?” माझ्या तोंडाला कुलूप नाही, पहिल्यापासूनच.

गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची. आखातात दोन शेजारी देश वर्षानुवर्षं लढत होते आणि मधल्या पाण्यातून जाणाऱ्या बोटींना दोघांचाही जाच होता. आमच्या जहाजाच्या पोटात गव्हाची पोती. गहू अमेरिकेने पाठवलेला, एका तिसऱ्याच गरीब देशाला मदत म्हणून. आदल्या दिवशी त्या लढणाऱ्यांपैकी एका देशाची गस्तीची बोट आडवी आली. तिचा म्होरक्या अर्ध्या पिकल्या दाढीचा, इंग्रजी स्वच्छ बोलणारा. त्याने पोती उघडून पाहिली, कागद घेतले आणि म्हणाला, हा गहू शत्रूच्या सैन्याला जात नाही याची खात्री होईपर्यंत इथेच नांगर टाका. आणि तुम्ही पळून जाऊ नये म्हणून एक माणूस आमच्याबरोबर त्या समोरच्या बेटावर येईल.

त्याने बोट केलं ते गनी परकारांकडे. हे आमचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, दाभोळचे. वय झालेलं, त्यात साखरेचा आजार. सगळे नुसते बघत राहिले. तेवढ्यात इंजिनरूममधून हात पुसत वर आलेला पद्माकर पुढे झाला. “चाचांना कशाला नेता? मी येतो,” म्हणाला. कुणी त्याला विचारलं नव्हतं. मी त्याची बाही धरली तर माझ्याकडे बघून हसला. “बसा हो भावजी, उद्या येतोच.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. शालनचा चेहरा सारखा डोळ्यांपुढे.

आणि सकाळी, कॅप्टन माझ्याशी नांगराचं ते बोलत होते तेवढ्यात, ही अमेरिकन युद्धनौका उगवली. करडी, लांबलचक, आमच्या मागच्या बाजूला येऊन उभी राहिली. तिच्या पुढच्या तोफेचं तोंड सरळ बेटाच्या धक्क्याकडे. ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीतल्या, रेडिओवर जाड आवाज आला. सगळं बोलणं इंग्रजीत, पण मी आपल्या भाषेत सांगतो.

“गव्हाचं जहाज, ऐका. नांगर उचला आणि आमच्या मागोमाग चला. तुम्हाला कुणी हात लावणार नाही.”

कॅप्टनचा चेहरा असा खुलला की जणू माहेरचं माणूस आलं. मी मात्र रेडिओ ओढून घेतला आणि सांगितलं की आमचा एक माणूस त्यांच्या ताब्यात आहे, आम्ही हललो तर त्याचं काय होईल सांगता येत नाही.

“समजलं,” जाड आवाज म्हणाला. “त्यांना दुपारपर्यंत मुदत दिली आहे. माणूस परत आला नाही तर पुढचं आम्ही बघू.”

“पुढचं म्हणजे काय?”

त्यांच्या तोफेकडे पाहिलं की उत्तर मिळत होतंच.

एवढ्यात मागच्या वायरलेस रूममध्ये घंटी वाजली. किनाऱ्यावरच्या स्टेशनातून टेलिफोन जोडून आला होता. बोलणारा अमेरिकनच, पण ह्याचा आवाज मधात बुडवून काढलेला. नाव सांगितलं हॅलोरन, आखातातल्या कुठल्याशा शहरातल्या अमेरिकन वकिलातीतला. गहू त्यांचा, म्हणून काळजी त्यांना.

“काही झालं तरी हलू नका,” हॅलोरन म्हणाला. “आम्ही एका मित्रदेशामार्फत त्यांच्याशी बोलतोय. ते जवळजवळ तयार आहेत. हललात तर सगळं फिसकटेल.”

“पण साहेब, तुमचीच युद्धनौका सांगतेय की चला म्हणून!”

मग तो म्हणाला, “कोणती युद्धनौका?”

मी कपाळावर हात मारला. अहो, ह्या माणसाला ठाऊकच नव्हतं! मी ब्रिजवर धावलो, जाड आवाजाला सांगितलं की तुमच्या वकिलातीतले साहेब असं असं म्हणतायत. जाड आवाज म्हणाला, “मला वकिलातीतून हुकूम येत नाहीत.” मी पुन्हा मागे धावलो. “साहेब, तुम्हीच त्यांच्याशी बोला ना.” तर हॅलोरन म्हणतो, “मला थेट बोलता येत नाही. मी वॉशिंग्टनला कळवणार, ते त्यांच्या वरच्यांना कळवणार, मग खाली येणार. संध्याकाळ होईल. तुम्ही तर त्यांच्या शेजारीच आहात. तुम्ही सांगाल का, प्लीज?”

घ्या! एवढा मोठा देश, चंद्रावर माणूस पाठवणारा, आणि त्याच्या डाव्या हाताचा निरोप उजव्या हाताला पोचवायला वेंगुर्ल्याचा मार्कोनी.

“काय म्हणतायत?” कॅप्टन दारात उभे.

“एक म्हणतो चला, एक म्हणतो थांबा.”

“आणि दोघं एकाच सरकारचे?”

“तसं म्हणतायत खरं.”

“मग मी तोफवाल्याचं ऐकणार,” कॅप्टन म्हणाले. “टेलिफोनवाला बुडत्याला हात द्यायला येणार नाही.” त्यांनी सारंगला हाक मारली. “परकार, पुढे माणसं लावा. नांगर उचलायचाय.”

गनीचाचा हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कॅप्टनकडे. “साहेब, माझ्या बदली गेलाय तो पोर. माझ्या हातान नांगर नाय उठायचा. दुसऱ्या कुनाला सांगा.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अख्ख्या आयुष्यात त्यांनी कप्तानाला नाही म्हटलं नसेल.

कॅप्टन लाल झाले. मी त्यांच्यापुढे हात जोडले, खरोखरच जोडले. “सर, दुपारपर्यंत. मुदत तुमच्या तोफवाल्यानेच दिलीय ना? तोवर थांबा. तो माझ्या बायकोचा भाऊ आहे हो.”

कॅप्टननी घड्याळ पाहिलं. मग बडीशेपेची पुडी खिशात कोंबत म्हणाले, “दुपारपर्यंत. पण नांगराजवळ माणसं उभी राहतील. दुपारनंतर मला तुझी बायको माहीत नाही.”

आता मला माझ्या आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं मी का केलं ते कळायचं नाही.

माझी आई लग्नं जुळवायची. वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत तिने जुळवलेली घरं आहेत. बैठकीला जाताना ती मुलीच्या वडलांबरोबर आणखी एक माणूस न्यायचीच, तिचा थोरला भाऊ, आमचा भिकूमामा. ह्या मामाला काम एकच, उठणं. आई गोड बोलत राहायची, मुलीचे वडील मान डोलवत राहायचे आणि बोलणी अडली की भिकूमामा छत्री उचलून ताडकन उठायचा. “चला हो, इथे आपलं जमणार नाही!” की समोरचे घाबरायचे, अहो बसा, अहो बसा, असं नको. मग आई त्याची समजूत काढायची, तो कुरकुरत बसायचा आणि गोष्ट पुढे सरकायची. पण ह्याला घरी तालीम असे. आईने पाणी मागितलं की मामाने बसायचं. हे आधी ठरलेलं. आणि आईचा दुसरा नियम असा की इकडची शिवी तिकडे न्यायची नाही. मुलाकडचे म्हणाले, “पोरगी काळी आहे,” तर ही मुलीकडे येऊन सांगणार, “मुलगी त्यांना नाकीडोळी नीटस वाटली.”

एकदाच घोळ झाला, शिरोड्याच्या बैठकीत. आईने पाणी मागितलं, पण मामा तोवर अंगणात पोचून चपला शोधत होता, त्याला ऐकू गेलं नाही. तो तसाच तावातावाने निघाला आणि समोर आलेल्या सावंतवाडीच्या एसटीत चढला. लग्न मोडलं. मामाला विनाकारण सावंतवाडी पाहून परत यावं लागलं.

तर त्या सकाळी त्या दोन आवाजांच्या मध्ये धावताना माझ्या मनात सारखा भिकूमामा येत होता. हे अमेरिकेचं आमच्यासारखंच ठरवून चाललंय का? गोड बोलणारा एक, उठणारा एक? तसं असेल तर चिंता नाही. पण ह्या मामाला पाणी मागितल्यावर बसायचं असतं हे कुणी सांगितलंय का? आणि हॅलोरनला तर आपण मामा आणलाय हेच ठाऊक नव्हतं. डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी मी ठरवलं, काही कळो न कळो, आपण आईसारखं वागायचं.

हॅलोरन म्हणाला, “त्या उतावळ्या माणसाला सांगा, तोफ दाखवून तो माझं रात्रभराचं काम मातीत घालतोय.”

मी ब्रिजवर जाऊन जाड आवाजाला सांगितलं, “वकिलातीतले साहेब तुमचे आभार मानतायत. तुम्ही आलात म्हणूनच समोरचे वळणावर आलेत म्हणतात. आता थोडंसं सांभाळून घेतलंत तर माणूस सुटेल.”

जाड आवाज जरा घुटमळला. “असं म्हणाले?”

“अगदी असंच.”

“बरं. पण त्यांना सांगा की मी निघून गेलो तर त्यांच्या चहापाण्याच्या गप्पांना कुणी भीक घालणार नाही.”

मी टेलिफोनवर सांगितलं, “नौकेवरचे साहेब म्हणतात, तुमच्या बोलण्याला वजन यावं म्हणूनच आम्ही इथे उभे आहोत.”

“खरंच?” हॅलोरनचा आवाज बदलला. “हे चांगलं आहे. हे फारच चांगलं आहे.”

कॅप्टन हे सगळं ऐकत होते. मी समोरून पळत गेलो की म्हणायचे, “नार्वेकर, तू दोघांनाही फसवतोयस.” मी म्हणायचो, “सर, मी फक्त शिव्या गाळतोय.”

दुपार जवळ आली तसा हॅलोरनचा पुन्हा फोन. ह्या वेळी तो घाईत होता. समोरचे तयार होते. पण तोफेच्या धाकाने माणूस सोडला असं दिसायला नको, त्यांच्या लोकांत मान जाईल. नौकेने मागे जावं किंवा निदान काहीतरी खूण करावी. मग ते बोट पाठवतील.

मी जाड आवाजाला सांगितलं. तो साफ नाही म्हणाला. “मी जागा सोडणार नाही. मला तसा हुकूम नाही.”

“मग बसा तरी!” मी ओरडलो. तोंडातून मराठीच निघालं. मग सावरून इंग्रजीत म्हटलं, “साहेब, जागा सोडू नका. पण ती तोफ धक्क्याकडून काढून सरळ पुढे करा. नेहमी असते तशी. तेवढं तर तुमच्या हातात आहे?”

रेडिओ नुसता सुस्कारे टाकत होता. मग तो म्हणाला, “तेवढं माझ्या हातात आहे. तयारीला थोडा वेळ लागेल. थांबा.”

मी हॅलोरनला कळवलं, खूण होणार. तो म्हणाला, मी लगेच त्यांना सांगतो. मी ब्रिजच्या बाहेर उघड्यावर येऊन उभा राहिलो. कॅप्टन आले, गनीचाचा आले. ऊन असं की कठड्याला हात लागत नव्हता.

पाहतो तर धक्क्यापासून बोट निघालेलीच! इतक्या लवकर निरोप पोचला की आधीच निघाली होती, देव जाणे. छोटी, वेगात, सरळ आमच्या दिशेने. कॅप्टननी दुर्बिणीतून पाहिलं. “पाच साब आहे. पुढे बसलाय.”

गनीचाचा काहीतरी पुटपुटायला लागले. आणि तेव्हाच युद्धनौकेवरची तोफ हलली. धक्क्याकडचं तोंड हळूहळू पुढे फिरू लागलं. मी तर टाळीच वाजवली. “बघा सर! मामा बसला!”

“कोण मामा?” कॅप्टन म्हणाले.

एवढ्यात समोरची बोट एकदम थांबली. पाण्यावर नुसती डोलत राहिली. बोटीतली माणसं इकडेतिकडे झाली. एकजण उभा राहिला आणि त्याने हात वर केले. तोफ फिरतच होती.

“आता काय झालं?” मी विचारलं.

“कुणास ठाऊक,” कॅप्टन म्हणाले. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना इतकी दाबून धरली होती की कपाळावर वळ उठले. “आपला पाच साब उभा आहे. ओरडतोय काहीतरी. मार्कोनी, काय चाललंय हे?”

मला काय ठाऊक! मी आत धावलो, रेडिओ घेतला, जाड आवाजाला हाका मारल्या, त्याने उत्तर दिलं नाही. टेलिफोनकडे गेलो, तिथे खरखर. पुन्हा बाहेर आलो तोवर तोफ सरळ पुढे होऊन थांबली होती, आणि बोट पुन्हा सुरू होऊन आमच्याकडे येत होती.

पद्माकर शिडी चढून वर आला. चेहरा पांढराफटक. गनीचाचांनी त्याला मिठीत घेतलं आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. “उभा कशाला राहिलास रे बोटीत, गाढवा? तोल गेला असता म्हणजे?” तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “भावजी, पाणी द्या.” आणि प्यायला घेतलेलं पाणी अर्धं अंगावरच सांडलं.

नांगर उचलला आणि निघालो. वाटेत जाड आवाजाने मला बोलावून सांगितलं, “पाहिलंत? ताकद दाखवली की माणसं परत येतात.” संध्याकाळी हॅलोरनचा फोन. “पाहिलंत? बोलत राहिलं की मार्ग निघतो. तोफेची गरजच नव्हती.” दोघांनाही मी म्हटलं, अगदी बरोबर साहेब. मनात म्हटलं, लेकांनो, तुम्हा दोघांनाही मी बसवलं, मी.

मुंबईला उतरल्यावर पद्माकरने बोट सोडली ती कायमची. कुडाळला पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान टाकलं. त्या दिवसाबद्दल तो बोलत नसे. मी मात्र लग्नकार्यात, गणपतीत, जिथे चार डोकी दिसली तिथे ही गोष्ट सांगितली. दोन आवाज, माझी धावाधाव, आणि शेवटी फिरणारी तोफ. लोक हसायचे, शालन पदराने डोळे पुसायची. पद्माकर अशा वेळी उठून बाहेर जायचा. मला वाटायचं, लाजतो.

पुढे कितीतरी वर्षांनी त्याच्या मुलीचं, ऋजुताचं ठरलं. आताशा बैठका कोण करतं? पोरंपोरीच सगळं ठरवून मोकळी. पण लग्न पुण्यात करायचं की कुडाळात यावर दोन्ही घरं अडून बसली. मुलाकडचे वालावलकर सगळे पुण्याचे, त्यांना पुण्यातच हवं. ऋजुताच्या आजीला, म्हणजे माझ्या सासूला, प्रवास झेपणारा नव्हता. नातीचं लग्न तिने पाहायला हवं, एवढंच पद्माकरचं मागणं. तर वालावलकर कुडाळला येणार आणि समोरासमोर बोलणार असं ठरलं.

ते यायच्या आधी पद्माकर मला मागच्या पडवीत घेऊन गेला. “भावजी, आज तुम्ही भिकूमामा व्हा. मला कडक बोलणं जमत नाही. अडलं की तुम्ही उठा. पण मी पाणी मागितलं की बसा हां.”

“अरे, जन्म गेला माझा ह्यात!” मी म्हटलं. “दोन अमेरिकन बसवलेत मी. तुला सोडवला कुणी?”

तो नेहमीसारखा निघून जाईल असं वाटलं. पण त्या दिवशी तो पायरीवर बसला.

“भावजी, ती तोफ फिरली ना, तेव्हा आम्ही कुठे होतो तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं की. धक्का आणि जहाज, ह्यांच्या मध्ये.”

“तोफ आधी धक्क्यावर होती. तिला सरळ पुढे व्हायचं होतं. मध्ये आम्हीच होतो.” त्याने हात सरळ धरला आणि हळूहळू फिरवला. हात माझ्या छातीवरून पुढे गेला. “आम्हाला काय दिसलं ठाऊक आहे? इतका वेळ धक्क्याकडे असलेली तोफ आमच्याकडे वळतेय. आता नेम धरतायत.”

मी नकळत एक पाऊल मागे सरकलो.

“बोटीत एक विशीतला पोरगा होता. खांद्यावरून डागायचं असतं ना, तसलं काहीतरी घेऊन. त्याने ते उचललं आणि तुमच्याकडे धरलं. जहाजाकडे. नौका लांब होती, तुम्ही जवळ. म्होरक्याने त्याचा हात धरला आणि मला विचारलं, ते मारतायत का? खरं सांग, मारतायत का?”

“मग?”

“मला काय माहीत, भावजी! मला काहीच माहीत नव्हतं. सकाळभर त्यांच्या रेडिओवर तुमचा आवाज ऐकू येत होता. म्होरक्या विचारायचा, कोण हा एवढी बडबड करतोय? मी म्हणायचो, माझे भावजी. तो हसायचा. पण बोट सुरू झाली तसं इंजिनच्या आवाजात काही ऐकू येईना. तुमचं काय ठरलं, ठरलं की नाही, काही नाही.” त्याने दोन्ही हात वर धरून दाखवले. “मी उभा राहिलो, हात वर केले आणि ओरडलो, मारत नाहीत, तोफ बंद करतायत! असं ओरडून सांगितलं, जसं काही मला कुणी येऊन सांगून गेलंय.”

“आणि हे तुला वाटलं कशावरून?”

“तुम्ही तिकडे होतात म्हणून,” पद्माकर म्हणाला. “म्हटलं, भावजी रेडिओवर आहेत. हा माणूस गप्प बसणारा नाही. कुणाला ना कुणाला तरी बसवत असणारच.”

मी त्याच्या शेजारी पायरीवर टेकलो. इतकी वर्षं मी ज्यावर टाळ्या घेतल्या, त्या तोफेच्या तोंडासमोरून माझ्याच सांगण्यावरून त्याला नेलं होतं. आणि वाचवलं कशाने? तोफेने, टेलिफोनने, माझ्या बडबडीने, की ह्याच्या थापेने? आजही मला नक्की सांगता येत नाही. मी त्याचा हात धरला आणि रडलो, सरळ रडलो. तो म्हणाला, “पुरे हो, पाहुणे आले.”

बैठक सुरू झाली. चहा झाला, पोहे झाले, आणि बोलणी अडायची तिथेच अडली. पद्माकरने माझ्याकडे पाहिलं. मी छत्री उचलली. “चला हो,” म्हणत उठायला गेलो आणि गुडघ्यांनी दगा दिला. अर्धा उठलो आणि तिथेच अडकलो, पुढेही जाता येईना, मागेही. आता पद्माकर काय समजला आणि वालावलकर काय समजले, मला कळेना. खरं म्हणजे माझं मलाच कळेना, रागाने उठतोय की दमून बसतोय. वाकलेला माणूस दोन्हीकडून सारखाच दिसतो.

मुलाच्या वडलांचा, वालावलकरांचा चेहरा पडला. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर गेला, तेही उठायच्या बेतात. “काका,” ते तुटकपणे म्हणाले, “तुम्ही उठताय का?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात पद्माकर उभा राहिला. त्याने पाणी मागितलं नव्हतं, आणि त्याने उभं राहायचं असं तर आमचं काही ठरलंच नव्हतं. त्याने दोन्ही हात वर केले, जरा जास्तच वर, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

“नाही, नाही. बसतायत ते.”